किल्लेदाराची झोप

किल्लेदार कमरेपर्यंत तिजोरीत होता आणि कमरेपासून खाली बँकेत. डोकं, दोन्ही हात आणि हातातली बॅटरी आतल्या अंधारात, पोट भिंतीतल्या गोल झरोक्यात घट्ट रुतलेलं, आणि पाय बाहेर, मॅनेजरसाहेबांच्या छातीच्या उंचीला, हवेत पोहत होते.

"ओढू का?" वॉचमननं विचारलं.

"थांबा. श्वास सोडतोय," आतून घुमलेला आवाज आला.

"मघापासून सोडताय की! अजून किती शिल्लक आहे?"

किल्लेदार हा काही कुठल्या किल्ल्याचा अधिकारी नव्हता. कुलपं बनवणं आणि किल्ल्या घासून देणं हा त्याचा पिढीजात धंदा. गल्लीनं कौतुकानं हे नाव त्याला देऊन टाकलेलं. बँकेच्या तळघरातली तिजोरीची खोली त्याच्या वडिलांनी बसवली होती. दार कधी बिघडलंच तर माणसाला आत शिरता यावं म्हणून त्यांनी भिंतीत झरोका ठेवला, आणि ठेवला तो स्वतःच्या अंगाच्या मापानं. वडील होते वेतासारखे. दर वर्षी कारागिरानं त्या झरोक्यातून आत जायचं, बाहेरची किल्ली चालू नये म्हणून आतून खिट्टी लावायची, सगळे अडसर तपासायचे आणि शेवटी खिट्टी काढून दार आतून उघडून दाखवायचं, असा बँकेचा नियम होता. वडिलांच्या माघारी त्या दाराला किल्लेदाराशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. हात आजही पोचले होते. अडलं होतं ते पोट.

शेवटी वॉचमननं एक पाय धरला, मॅनेजरसाहेबांनी दुसरा. पहिल्या हिसक्याला साहेबांच्या हातात नुसता बूट आला आणि ते बुटासकट मागच्या खुर्चीत जाऊन बसले. दुसऱ्या हिसक्याला बाटलीचं बूच निघावं तसा किल्लेदार बाहेर आला.

"आता तुम्हीच सांगा," साहेब बूट परत देत म्हणाले, "झरोका मोठा करायचा की तुम्हाला लहान?"

"साहेब, झरोका पोलादाचा आहे. मी नाही." किल्लेदारानं ऐटीत शर्ट खोचला. "थोडी मुदत द्या. असा आत जातो की बघत राहाल."

"देतो. पण पुन्हा अडकलात तर पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराला बोलवीन. तो काय, किल्लीच्या भोकातूनसुद्धा आत जाईल."

हे मात्र किल्लेदाराच्या जिव्हारी लागलं. वडिलांच्या दाराला त्या काडीपहिलवानाचा हात? घरी जाईपर्यंत त्याचा निश्चय इतका पक्का झाला होता की वाटेतल्या बेकरीकडे त्यानं मान वळवूनही पाहिलं नाही. वास तेवढा घेतला.

घरात माणसं तीन. तो, बायको आणि सासूबाई. सासूबाईंच्या हाताला भट्टीची विद्या होती. त्यांची लोण्यातली बिस्किटं तोंडात टाकली की विरघळायची, आणि विरघळली की माणूस डब्यात पुन्हा हात घालायचा. डबे स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातल्या कपाटात असत.

"आजपासून मी उकडलेल्या भाज्या आणि काकडी खाणार," किल्लेदारानं जाहीर केलं.

"काकडी कशाबरोबर?" सासूबाईंनी विचारलं.

"कशाबरोबर नाही. नुसती."

"कुणी आजारी आहे का?"

बायकोला हसू आवरेना. "अहो, तुम्ही रात्री पाणी प्यायला म्हणून उठता आणि बिस्किटांचा डबा रिकामा करून येता. पाणी तसंच राहतं."

"कपाटाला कुलूप घालतो."

"घाला! गल्लीतलं कुठलंही कुलूप तुम्ही गप्पा मारता मारता उघडता."

"म्हणूनच असं करतो," किल्लेदार छाती काढून म्हणाला, "की ते मलाही उघडता येणार नाही."

आणि त्यानं ते केलं. दुकानाची फळी लावून घेतली आणि आयुष्यातलं सगळं शहाणपण एका मूठभर पितळेत ओतलं. आत एकावर एक पत्त्या बसवल्या. त्यांत एक पत्ती अशी लबाड ठेवली, की तारेनं कुणी चाळवाचाळव केली तर बाकीच्या सगळ्या पत्त्या पुन्हा पहिल्या जागी जाऊन बसाव्यात. किल्ली एकच. ती फिरली की आधी एक जाडसर गुरगुर व्हायची, मग मध्येच बारीक किणकिण, आणि शेवटी हलकासा 'टक्'. किल्लेदाराला किल्ल्या कानानं ओळखता येत. गिऱ्हाइकानं दुकानाच्या फळीवर जुडगा टाकला की तो मान वर न करता सांगायचा, अमक्याच्या माडीची, तमक्याच्या तिजोरीची. या किल्लीच्या आवाजावर तर तो स्वतःच भाळला. दोऱ्यात ओवून त्यानं ती बायकोच्या गळ्यात घातली.

"मी पाया पडलो तरी देऊ नकोस."

"तुम्ही पाया पडूच शकत नाही. पोट आडवं येतं."

"चोर घरातलाच असला की बरं असतं, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "नजर ठेवायला लांब जावं लागत नाही."

दिवस बरे जात. हाताला काम असलं की भूक पाहुणीसारखी कोपऱ्यात बसून राहायची. पण दिवे मालवले की तीच घरची मालकीण व्हायची. झोप यायची, नाही असं नाही. पावलं न वाजवता यायची, उंबऱ्याशी थबकायची, आत भूक पाय पसरून बसलेली दिसली की आल्या पावली परत जायची. आणि कुलपानं बिस्किटं अडतात, वास थोडाच अडतो? कपाटाच्या फटीतून लोण्याचा वास निघायचा, अंधारात चाचपडत यायचा आणि थेट किल्लेदाराच्या उशीवर डोकं ठेवायचा.

हे एकट्याचं दुखणं राहिलं असतं तर ठीक. पण किल्लेदार पूर्वी घोरत असे. घोरत असे म्हणजे, त्याच्या घोरण्यानं इमारतीला आधार होता. लग्न झाल्यावर काही वर्षं बायको कानात कापूस घालून झोपायची. तो कापूस कधी सुटला ते तिलाही कळलं नाही. नदीकाठच्या माणसाला पाण्याची खळखळ ऐकू येत नाही, पण पाणी आटलं की तो दचकून जागा होतो. तिचं तसंच झालं.

"झोपलात?" ती अंधारात विचारायची.

"नाही. तू?"

"तुम्ही घोरत नाही तर मी कशी झोपू?"

"मी झोपलो तर घोरीन ना!"

"मग झोपा की!"

"भूक लागलीय."

"किल्ली मागू नका."

"मागतच नाहीये."

पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज यायचा, "कुणीच झोपलं नाहीये ना? मग जरा मोठ्यानं बोला, मलाही ऐकू येऊ दे."

एका सकाळी खालच्या मजल्यावरचे मास्तर दुकानाशी येऊन उभे राहिले. डोळे लाल, दाढी अर्धीच केलेली.

"किल्लेदार, तुमच्याविषयी तक्रार आहे."

"घोरण्याची? मास्तर, घोरणं बंद झालं माझं."

"तीच तक्रार आहे." मास्तर फळीवर टेकले. "तुमच्या तालावर मी वह्या तपासायचो आणि तुमच्याच तालावर झोपायचो. आता सगळं चिडीचूप. नळ ठिबकतो तो ऐकू येतो. आणि खरं सांगू? माझं घोरणं माझ्या बायकोला ऐकू यायला लागलंय. इतकी वर्षं ती समजत होती की ते तुमचंच आहे."

"झरोक्यातून एकदा आत जाऊ द्या, मास्तर. मग पुन्हा सुरू करतो."

"लवकर करा. घर मोडेल माझं."

किल्लेदाराचा धीर मात्र सुटला नव्हता. पट्ट्याला नवी भोकं पडत होती, पोट माघार घेत होतं. त्याला छळत होतं ते वेगळंच. रात्री उठून तो कपाटापुढे जाऊन बसायचा, हातात बारीक तार घेऊन. खायला नव्हे, अजिबात नव्हे. नुसतं कुलूप तपासायला! आणि तिथं त्याचा जीव दोन्हीकडून ओढला जायचा. उघडलं तर पोट जिंकणार पण कारागीर हरणार. नाही उघडलं तर कारागीर जिंकणार आणि पोट रडत बसणार. तार आत जायची, एक पत्ती उचलली जायची, दुसरी उचलली जायची, किल्लेदार श्वास धरायचा, तेवढ्यात ती लबाड पत्ती हलायची आणि सगळ्या जणी आपापल्या जागी.

"वा!" तो स्वतःवर खूश होऊन पुटपुटायचा. "काय कुलूप केलंय लेका!"

पोट गुरगुरून निषेध नोंदवायचं.

मग भूक जिरवायला तो जिना उतरून खाली जायचा आणि इमारतीभोवती फेऱ्या मारायचा. चांगल्या लांबलचक फेऱ्या. कधीकधी फेरी मारताना वरून अगदी पुसटसा आवाज यायचा. जाडसर गुरगुर, बारीक किणकिण, टक्. किल्लेदार थबकायचा, मग खिन्नपणे मान हलवायचा. भुकेनं आता कानही वाजायला लागले, म्हणायचा, आणि पुढे चालू लागायचा.

उपासाची एवढी गंमत, की घरात तेज चढत होतं ते दुसऱ्याच दोघींना. सासूबाईंच्या गालांवर तजेला आला होता. बायको दोरीवरचे कपडे काढताना कुरकुरायची, "हल्ली कापडच वाईट येतं बाई. एकदा धुतलं की आटतं." किल्लेदार सहानुभूतीनं 'हं' म्हणायचा. त्याला त्या वेळी दोरीवरचे चिमटेसुद्धा बिस्किटांसारखे दिसत.

दुकानात तर नुसता गोंधळ उडायला लागला. घासायच्या चाकापाशी उभ्या उभ्या त्याचे डोळे मिटायचे. एकदा शिंपीणबाईंची किल्ली त्यानं इतकी मन लावून घासली, इतकी घासली, की तिला एकही दात उरला नाही. "छान चमकतेय," शिंपीणबाई म्हणाल्या, "पण हिनं दार उघडायचं की नुसतं दाराला दाखवायची?"

आणि मग तपासणीचा दिवस उजाडला.

मॅनेजरसाहेबांनी किल्लेदाराला पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं. "तुम्हीच ना?"

"जेवढा राहिलोय तेवढा मीच," किल्लेदार म्हणाला. त्यानं हत्यारांची पिशवी आत सोडली, हात जोडून झरोक्यात घातले आणि पत्रपेटीत पाकीट पडावं तसा आत पडला. वॉचमननं सवयीनं धरायला हात पुढे केला होता, त्याच्या हाती वारा लागला.

आत किल्लेदारानं खिट्टी लावली. मग एकेक अडसर पुसला, तेलाचं बोट फिरवलं, पुढे सरकवून मागे घेतला. वडिलांचं काम पाहून त्याचा ऊर भरून आला. इतकी वर्षं झाली, पण पोलाद कसं पाण्यासारखं वाहत होतं! सगळं नीट होतं. आता फक्त खिट्टी काढायची आणि दार लोटायचं. त्याआधी घटकाभर टेकावं म्हणून तो कोपऱ्यातल्या रिकाम्या कॅनव्हासच्या पिशव्यांवर बसला.

तिथं गार होतं. तिथं शांत होतं. आणि तिथं लोण्याचा वास नव्हता. कागदाचा नाही, माणसाचा नाही, कसलाच वास नव्हता. कुलूप होतं, पण ते पाहून हात शिवशिवत नव्हते, कारण आत खाण्यासारखं काहीच नव्हतं. भूक बहुतेक झरोक्याबाहेरच अडकली असावी, पूर्वी त्याचं पोट अडकलं होतं तशी. आणि इतके दिवस उंबऱ्यावरून परतणारी झोप या वेळी सरळ आत आली, किल्लेदाराच्या शेजारी बसली आणि तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

बाहेर मॅनेजरसाहेबांनी कान टवकारले. "हा आवाज कसला?"

"यंत्र सुरू झालं वाटतं, साहेब," वॉचमन म्हणाला.

"दाराला यंत्र नाहीये."

"मग सुरू काय झालंय?"

साहेबांनी झरोक्यात बॅटरी मारली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वर बँक उघडायची वेळ झालेली. रोकड आत, रोखपाल बाहेर, जिन्यावर गिऱ्हाइकांची कुजबुज, आणि दाराला आतून खिट्टी. "किल्लेदार!" साहेब ओरडले. पोलादाच्या खोलीत घोरणं दुप्पट होऊन परत आलं. वॉचमननं लांब झाडूचा दांडा आत घालून किल्लेदाराला ढोसलं. किल्लेदारानं प्रेमानं दांडा कुशीत घेतला आणि कूस बदलली.

"झाडू पण गेला," वॉचमन म्हणाला.

"पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराला बोलवा!" साहेब कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "ताबडतोब! आणि यापुढे दरवर्षी तोच!"

वॉचमन भला माणूस. त्यानं त्या कारागिराला फोन केला, पण आधी किल्लेदाराच्या घरी केला.

बायको आणि सासूबाई धावत आल्या. बायकोला धाप लागली होती, पूर्वी एवढ्याशा अंतरानं लागत नसे. "काय झालं हो त्यांना?" म्हणत ती झरोक्याशी वाकली आणि एकदम गप्प झाली. आतून ते येत होतं. खालून चढत जाणारं, वर जाऊन क्षणभर थांबणारं आणि मग शिट्टी घालत उतरणारं. तिच्या चेहऱ्यावरची काळजी पाण्यात साखर विरावी तशी विरली.

"बाई, हाक मारा त्यांना!" साहेब म्हणाले.

"मारते," ती पुटपुटली. "जरा ऐकू तर द्या. किती दिवसांनी..." तिनं शेजारची खुर्ची ओढली, भिंतीला डोकं टेकवलं, आणि साहेबांनी तिच्याकडे पुन्हा पाहिलं तेव्हा तिचा श्वास संथ लयीत चालला होता.

"अहो बाई! अहो, आता ह्या पण?"

"ओरडू नका," सासूबाई म्हणाल्या. "त्यांची झोप जोडीनं येते."

वॉचमननं मोठी जांभई दिली. साहेबांनी त्याच्याकडे डोळे वटारले, पण त्यांचंही तोंड उघडलंच. तेवढ्यात जिन्यावर हत्यारांची पिशवी खुळखुळली. पलीकडच्या गल्लीतला कारागीर उतरत होता.

सासूबाईंनी जिन्याकडे पाहिलं, झरोक्याकडे पाहिलं. मग लेकीच्या गळ्यातला दोरा अलगद काढला आणि त्यातली किल्ली झरोक्याच्या पोलादी काठावर एकदाच वाजवली.

किण.

घोरणं मध्येच तुटलं.

"कोण आहे तिकडं?" आतून खणखणीत आवाज आला. "कपाटाची किल्ली कोण वाजवतंय?"

खिट्टी सरकली, अडसर ओळीनं मागे गेले आणि ते प्रचंड दार बोटानं ढकलल्यासारखं उघडलं. दारात किल्लेदार उभा होता. केस एका बाजूला चपटे, गालावर पिशवीच्या शिवणीची नक्षी, आणि काखेत झाडू.

"दार झकास आहे, साहेब."

"तुम्ही झोपला होतात!"

"साहेब," किल्लेदार शांतपणे म्हणाला, "हे दार कशासाठी आहे? पैसा सुखानं झोपावा म्हणून. आत झोप लागते की नाही, हवा खेळती आहे की माणूस गुदमरतो, हे आजवर कुणी पाहिलं होतं? माझ्या वडिलांनीसुद्धा नाही. मी पाहिलं. उत्तम लागते."

साहेबांनी काहीतरी कडक बोलायला तोंड उघडलं, त्यातून आधी जांभई निघाली आणि मग हसू. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या काडीपहिलवानानं उघडं दार पाहिलं, हळूच बोटानं एक अडसर हलवायला हात पुढे केला, पण किल्लेदाराची नजर पाहून तो मागे घेतला. "सुरेख काम आहे," तो म्हणाला आणि आला तसा गेला.

"पुढच्या वर्षी या," साहेब म्हणाले. "पण घरून झोपून या."

"हळू," किल्लेदारानं ओठांवर बोट ठेवलं. त्याला खुर्चीतली बायको दिसली होती. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला, आणि ती जागी होईपर्यंत बँकेची रोकड चवड्यांवर चालत वर गेली.

घरी आल्यावर किल्लेदारानं सासूबाईंपुढे हात पसरला. "आई, आणा ती किल्ली. झरोका जिंकला. आता एक बिस्किट, फक्त एक."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं खिडकीकडे पाहिलं.

"आज नको," बायको म्हणाली. "रिकाम्या पोटी बाधेल."

"उद्या ताजी करते ना," सासूबाई म्हणाल्या.

पण किल्ली त्यानं घेतली होती. कुलपात घातली, फिरवली. जाडसर गुरगुर, बारीक किणकिण, टक्. किल्लेदाराचा हात तसाच थांबला. हा आवाज त्यानं खाली फेऱ्या मारताना ऐकला होता. एकदा नव्हे. कपाट उघडलं. डबे ओळीनं उभे होते, लख्ख, हलके. शेवटच्या डब्यात एका बिस्किटाचा कोपरा होता.

किल्लेदारानं वळून दोघींकडे पाहिलं.

"झोप येत नव्हती," बायको शेवटी म्हणाली. "तुम्ही खाली फेऱ्या मारायचात. रात्र काढायची कशी माणसानं? मी एकच खायची."

"आणि मी तिला सोबत म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

किल्लेदारानं तो कोपरा उचलला, डोळे मिटून तोंडात टाकला आणि विरघळेपर्यंत उभा राहिला. मग कपाट लावलं, कुलूप घातलं, आणि किल्लीचा दोरा स्वतःच्या गळ्यात अडकवला.

"हे काय?" बायकोनं विचारलं.

"तुझे कपडे आटतायत ना? काळजी वाटते मला."

"म्हणजे उद्यापासून..."

"काकडी."

"कशाबरोबर?" सासूबाईंनी घाबरून विचारलं.

"नुसती."

त्या रात्री किल्लेदार वाटीभर गरम सूप पिऊन आडवा झाला आणि घोरणं पहिल्यासारखं सुरू झालं. खालच्या मजल्यावर मास्तरांनी समाधानानं कूस बदलली, त्यांच्या बायकोनंही. छातीवरची किल्ली श्वासाबरोबर वर जात होती, खाली येत होती. बायकोनं अंधारात ती बराच वेळ पाहिली. मग हळूच, फुलावरचं पाखरू धरावं तसा, हात पुढे केला.

किण.

घोरणं थांबलं.

"किल्ली मागू नकोस," डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला.

"मागतच नाहीये," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.